थंडीतला धूर वर का जात नाही?

आमच्या ग्वाल्हेर-इंदूरकडील मराठी मुलांना पर्यावरणशास्त्र दोन भाषांतून भेटते. शाळेच्या हिंदी पुस्तकात वातावरणाचा जमिनीलगतचा थर ‘क्षोभमंडल’ असतो व त्यावरचा ‘समतापमंडल’. घरी आजोबांनी जपलेल्या मराठी भूगोलात तेच थर ‘तपांबर’ आणि ‘स्थितांबर’ होतात. मुले गोंधळतात, पालक कंटाळतात. वास्तविक ही नावे शेजारी-शेजारी ठेवून शिकवली तर अर्धा धडा तेथेच होतो. खालच्या थरासाठी हिंदी नाव अधिक नेमके आहे. वारे, ढग, पाऊस, वादळे हा सारा क्षोभ त्याच थरात चालतो. वरच्या थराबाबत मात्र आपल्या मराठीची सरशी. तेथे ओझोन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतो. त्यामुळे तापमान सम न राहता उंचीबरोबर वाढत जाते. वर ऊन हवा आणि खाली थंड, अशी रचना असली की हवा वर-खाली होत नाही. ती स्थिर राहते.

हे वाक्य मुलांनी पक्के धरावे, कारण नेमकी हीच रचना पौष-माघात आपल्या लष्करच्या गल्लीवर उतरते. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते, दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. म्हणून जमिनीलगतची ऊन हवा वर जाते आणि धूरही आपल्याबरोबर नेते. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते. तिला टेकलेली हवा थंड व जड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचे झाकण बसते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. पहाटे गच्चीवर उभे राहून पाहावे : बंबाचा वा शेकोटीचा धूर काही उंचीपर्यंत सरळ चढतो आणि मग अडल्यासारखा आडवा पसरतो. ऊन चांगले तापेपर्यंत तो तेथून हलत नाही.

या धुरातील सर्वांत घातक अंश डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉन वा त्याहून बारीक कण, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा हिस्सा, नाकात न अडता थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. आपल्या देशाच्या २००९ च्या मानकानुसार घनमीटर हवेत त्यांचे चोवीस तासांचे प्रमाण ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा तर १५ आहे. याच संघटनेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत वार्षिक सरासरीच्या हिशेबाने ग्वाल्हेरचे नाव जगात दुसरे होते. तानसेनाच्या समाधीपाशी दर डिसेंबरात जो संगीतसमारोह होतो त्यातले गवई दमसास घेतात तो याच हवेत, आणि आपण त्यांच्या दमसासाला दाद देतो!

थंड रात्रीची हवा काय करू शकते याचे सर्वांत भीषण उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. रात्र थंड, वारा मंद. तो वर उडून न जाता वस्त्यांतून जमिनीसरशी सरकत राहिला. जे धावत सुटले त्यांच्या छातीत, दम लागल्यामुळे, तो अधिकच भरला. तोंडावर ओले फडके धरावे एवढी साधी गोष्ट त्या वस्त्यांना कोणी आधी सांगितली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. त्याला आज अनेक वर्षे लोटली, तरी आमच्या प्रश्नपत्रिका अजून ‘थरांची नावे लिहा’ यापुढे फारशा गेलेल्या नाहीत.

प्रदूषण आणि हवामानबदल यांची मुले सरमिसळ करतात, मोठेही करतात. धुराचे कण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पावसाने वा आपल्या वजनाने खाली येतात. कर्बद्विप्राणिल वायूचे तसे नाही. त्याचा बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांतील माउना लोआ येथे मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दशलक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता; आज ४२० च्या वर आहे. म्हणजे गल्लीतला धूर आपण यंदा थांबवला तर लाभ यंदाच दिसेल. दुसऱ्याचा हिशेब नातवंडांपर्यंत चालणार.

म्हणून आधी गल्लीचे पाहू. झाडलोट करून भल्या पहाटे पाने व कचरा पेटवण्याची रीत आपल्याकडे मोठ्या शिस्तीची समजली जाते; पण झाकण सर्वांत घट्ट असते ते त्याच वेळी. पाने खड्ड्यात घालून खत करावीत. आणि सेवानिवृत्त मंडळींनी पहाटे पाचच्या फिरण्याचा अभिमान निदान पौष-माघात बाजूला ठेवावा. ऊन चढून समोरचा किल्ला स्वच्छ दिसू लागला की खुशाल बाहेर पडावे.