विश्लेषण : ऑइलचा लाल दिवा लागतो, पुन्हा विझतो... गाडी चालवत राहावी का?

लांबचा प्रवास करून गाडी शहरात शिरते, सिग्नलला उभी राहते आणि डॅशबोर्डवरची लाल बुधली लुकलुकते. सिग्नल सुटून ॲक्सिलरेटर दाबला की ती विझते. पुढचे चार दिवस काहीच नाही, मग पुन्हा एकदा. गॅरेजमध्ये नेल्यावर दिवा नेमका लागत नाही. मेकॅनिक डिपस्टिक काढून पाहतो, ‘ऑइल तर आहे’ म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. सतत पेटलेल्या दिव्यापेक्षा असा येऊन-जाऊन असणारा दिवा जास्त फसवा. कारण तो विझला की मालकाला हायसे वाटते. खरे तर तो कधी लागतो आणि कधी विझतो, यातच बिघाडाचा पत्ता दडलेला असतो.

हा दिवा नेमके काय सांगतो?

ऑइल कमी झाले की हा दिवा लागतो, असा सर्रास समज आहे. लाल दिव्याचा संबंध मात्र ऑइलच्या पातळीशी नसून दाबाशी असतो. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये ऑइल साठते. तिथून जाळी बसवलेल्या नळीने पंप ते ओढतो आणि फिल्टरमधून गाळून क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि टर्बो असल्यास त्याच्यापर्यंत पोहोचवतो. क्रँकशाफ्ट बेअरिंगला थेट घासत फिरत नाही. दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा ऑइलचा थर असतो आणि त्यावर तो तरंगतो. दाब गेला की हा थर जातो आणि धातूवर धातू घासू लागतो.

दाबावर लक्ष ठेवणारा स्विच इंजिनाच्या ब्लॉकवर, बऱ्याचदा फिल्टरच्या आसपास असतो. साध्या गाड्यांत तो साधारण ०.३ ते ०.५ बारला काम करतो. दाब त्याखाली गेला की दिवा लागतो. आता हे आकडे ताडून पाहा. गरम इंजिन आयडलिंगला असताना १ बारच्या आसपास दाब असावा लागतो, तर ३००० आरपीएमला साधारण ३ ते ५ बार. म्हणजे हायवेवर दाब १ बारवर आला तर तो इंजिनाला पुरणार नाही, पण दिवाही लागणार नाही. दिवा लागतो तोवर दाब जवळपास संपलेला असतो. म्हणून सिग्नलला लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा ऐंशीच्या वेगात एकदाच चमकून गेलेला दिवा कितीतरी गंभीर मानावा.

काही गाड्यांत पिवळी बुधलीही असते. ती बहुधा पातळीची सूचना असते. जवळच्या पेट्रोल पंपावर जाऊन ऑइल घातले की भागते. लाल दिव्याला ही मुभा नाही.

दिवा कधी लागतो, यावरून काय ओळखता येते?

आंबोली किंवा आंबेनळीसारख्या घाटात तीव्र वळणावर, किंवा करकचून ब्रेक मारल्यावर दिवा क्षणभर लागत असेल, तर पहिला संशय पातळीवर घ्यावा. ऑइल कमी असले की ते चेंबरच्या एका बाजूला सरकते, जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. सरळ रस्त्यावर आले की सगळे पूर्ववत. छोट्या हॅचबॅकच्या इंजिनात जेमतेम ३ ते ३.५ लिटर ऑइल असते. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल जळणे चालण्याजोगे मानलेले असते. बऱ्याच गाड्यांची सर्व्हिस मात्र १०,००० किलोमीटरला येते. या हिशेबाने दोन सर्व्हिसच्या मध्ये कधीच बॉनेट न उघडणाऱ्याचे चेंबर वाटेतच रिकामे होऊ शकते, आणि गाडीखाली गळतीचा एक थेंबही दिसणार नाही.

गरम इंजिन, आयडलिंग आणि लुकलुकणारा दिवा हे त्रिकूट सर्वाधिक आढळते आणि सर्वाधिक चुकीचे हाताळले जाते. गरम ऑइल पातळ होते आणि आयडलिंगला पंप सर्वांत हळू फिरतो. म्हणजे दाब मुळातच सर्वांत कमी असण्याची ही वेळ. बेअरिंग झिजून फटी वाढल्या असतील, पंप थकला असेल, दाब मर्यादेत ठेवणारा रिलीफ व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला असेल, तर ते उघडे पडते ते इथेच. पातळी बरोबर असूनही दिवा लागतो तो यामुळे. ऑइलचा ग्रेड चुकला असेल तरीही असे होते. डिझेल गाड्यांत आणखी एक कारण असते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी काही इंजिने सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतात. गाडी रोज शहरात चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर ही जळण्याची प्रक्रिया पुरी होत नाही आणि न जळलेले डिझेल चेंबरमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमाल खुणेच्या वर दिसले आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ‘ऑइल भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नये. ते पातळ झालेले असते आणि लगेच बदलावे लागते.

सकाळी पहिल्या स्टार्टला दिवा तीन-चार सेकंद रेंगाळत असेल, तर बहुधा फिल्टर स्वस्तातला असतो. रात्रभरात ऑइल खाली उतरू नये म्हणून फिल्टरमध्ये रबरी झडप असते. ती निकामी असली की पंपाला रोज सगळे मार्ग नव्याने भरावे लागतात.

आणि आरपीएम, तापमान, वळण यांपैकी कशाशीच संबंध नसताना, विशेषतः पावसात किंवा गाडी धुतल्यावर दिवा लागत असेल आणि इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच असेल, तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी. स्विचमधून ऑइल झिरपून कनेक्टरमध्ये उतरणे ही त्यातली नेहमीची तक्रार. मात्र हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. तो सर्वांत स्वस्त असल्यामुळे सगळ्यांना सर्वांत आधी सुचतो!

स्पीडब्रेकरला चेंबर लागले असेल तर?

हा प्रश्न गॅरेजमध्ये क्वचितच विचारला जातो. आपल्याकडचे बेढब स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे पाहता तो आधी विचारायला हवा. पत्र्याचे चेंबर खालून दबले की फुटतेच असे नाही. पोचा आत जातो आणि ऑइल ओढणाऱ्या जाळीला जवळपास टेकतो. गळती नाही, डिपस्टिकही ठीक, पण जाळीचे तोंडच आवळले गेल्याने वेग वाढताच पंपाला ऑइल पुरत नाही. सर्व्हिस वेळेवर न केलेल्या गाडीत हेच काम साचलेला काळा चिखल करतो. टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो अशा काही इंजिनांत बेल्टचे झडलेले कणही जाळीत अडकतात. दिवा पहिल्यांदा दिसण्याआधीच्या महिनाभरात गाडी खालून कुठे आपटली होती का, हे आठवून मेकॅनिकला सांगावे.

स्विच बदलून पाहण्यात गैर काय?

स्विच काही शे रुपयांत मिळतो, त्यामुळे ‘आधी तो बदलून बघू’ हा सल्ला हमखास मिळतो. बदलण्यात गैर काही नाही. दाब न मोजता बदलण्यात आहे. तोच स्विच काढून त्या जागी दाबमापक गेज लावता येतो. इंजिन पूर्ण गरम करून आयडलिंगला आणि २५००-३००० आरपीएमला दाब किती, हे पाहायला अर्धा तास पुरतो. आकडे कंपनीच्या मर्यादेत असतील तर स्विच आणि वायर तपासा. जुन्या, साध्या गाड्यांत स्विचची तार काढूनही दिवा पेटलेलाच राहिला तर तार कुठेतरी बॉडीला लागते आहे, हे उघड होते. आकडे कमी आले तर मात्र नव्या स्विचवर पैसे घालवून उपयोग नाही. चेंबर उतरवून जाळी, पंप आणि बेअरिंग पाहावीच लागतात. गेज नाही म्हणणाऱ्या गॅरेजमध्ये हे निदान होणार नाही, दुसरे गॅरेज गाठावे.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे जाड ऑइल. ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० घातले की दाब वाढतो आणि दिवा विझतो. झिजलेले बेअरिंग मात्र झिजलेलेच राहते. शिवाय अरुंद मार्गांच्या आधुनिक इंजिनात हे ऑइल थंडीत वरपर्यंत पोहोचायला वेळ घेते.

रस्त्यात दिवा लागला तर?

गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी आणि इंजिन लगेच बंद करावे. ‘पुढच्या फाट्यापर्यंत’ हा विचार महागात पडतो. दाब खरोखर गेला असेल तर बेअरिंग खराब व्हायला एखाद-दोन मिनिटे पुरतात. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटे थांबून डिपस्टिक पुसून पाहावी. ऑइल किमान खुणेखाली असेल तर योग्य ग्रेडचे ऑइल घालून इंजिन सुरू करावे. दिवा काही सेकंदांत विझला, खालून गळती नाही आणि इंजिनातून टकटक आवाज नाही, तरच गाडी हळूहळू गॅरेजपर्यंत न्यावी. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर टोइंगला पर्याय नाही.

विम्याचे काय?

नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि त्यातून ओघाने होणारे नुकसान वगळलेले असते. दगड लागून चेंबर फुटले तर चेंबरचा खर्च मिळू शकतो. पण ऑइल गळत असताना गाडी पुढे दामटल्याने इंजिन सीझ झाले, तर तो दावा बहुधा नाकारला जातो. ‘इंजिन प्रोटेक्ट’ प्रकारच्या जोड-विम्यात ऑइलगळतीमुळे झालेले नुकसान सहसा येते, तरीही दिवा दिसल्यानंतर गाडी किती चालवली याची चौकशी होतेच.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, बहुतेक गाड्यांत लाल बुधली उजळते आणि इंजिन सुरू होताच दोन-तीन सेकंदांत विझते. ती उजळलीच नाही तर दिवा जळालेला आहे किंवा मुद्दाम तोडलेला आहे. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलेल्या इंजिनावर सौदा करू नये. थंड गाडी सुरू करायला सांगावी. मग अर्धा तास स्वतः चालवून, एसी लावून, आयडलिंगला उभी करावी आणि बुधलीकडे पाहत राहावे.