ईद झाली आणि वादळ आलं

रमजानचा शेवटचा आठवडा आला की आमच्या गल्लीत संध्याकाळी दोन ठिकाणी गर्दी होते. एक खजूर, फळं आणि गरम भज्यांच्या गाड्यांवर. दुसरी मशिदीच्या ओट्यावर, एका जाडजूड वहीभोवती. कुणाची जकात किती निघाली, कुठल्या घरात कर्ता माणूस नाही, कुठल्या मुलाची फी थकली आहे, याचा हिशेब तिथं चालतो. चाँदरातीपर्यंत वही भरते आणि पेटी रिकामी होते. पेटी रिकामी झाली की आमची मोठी माणसं समाधानानं उठतात. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. अलीकडं मात्र रिकामी पेटी बघितली की समुद्र आठवतो.

कोल्हापुरात समुद्र कुठला, असं तुम्ही म्हणाल. जरा तारखा बघा. २०२० साली रमजान ईद २५ मे रोजी झाली. टाळेबंदी होती, नमाज घरोघरी झाली. त्याच दिवशी इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं जकातीच्या ३६ लाख रुपयांतून इंदिरा गांधी रुग्णालयात उभारलेल्या दहा खाटांच्या अतिदक्षता विभागाचं लोकार्पण झालं. आम्हा सगळ्यांची मान उंचावली. बरोबर नऊ दिवसांनी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. पुढच्या वर्षी ईद १४ मे रोजी आली. दोनच दिवसांत तौक्ते वादळ सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचा किनारा झोडपून गेलं. त्याच वर्षी २१ जुलैला बकरी ईद झाली आणि त्या रात्रीच्या पावसानं वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं.

यात कुणी गूढ अर्थ शोधू नये. आमचं वर्ष चंद्राचं, त्यामुळं सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतात. त्या दोन वर्षांत ते वादळांच्या मोसमाला येऊन भिडले, एवढंच. पण पेटी रिकामी असणं हा काही योगायोग नव्हता. वर्षभराचं देणं आम्ही महिन्याभरात देऊन मोकळे झालो होतो. निसर्ग वादळाची छायाचित्रं मोबाइलवर यायला लागली, तेव्हा ओट्यावर बसून आम्ही मोजलं. सातशे चाळीस रुपये निघाले.

कोकण आपल्याला परकं नाही. देवगडचा हापूस उतरतो तो आपल्या बाजारात. रविवारी आपल्या ताटात येणारा सुरमई-बांगडा घाट चढून येतो. घाटाखालची माणसं मोठ्या आजारपणाला सीपीआरची वाट धरतात. आणि पूर म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला कुणी सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फुटांची! शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. त्याही वेळी १२ तारखेला बकरी ईद होती आणि अनेकांनी कुर्बानीचे पैसे पूरग्रस्तांना दिले.

आमच्या घरात तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर मदतीचे टेम्पो आले. देणाऱ्यांचे उपकार विसरता येणार नाहीत, पण खरं सांगायचं तर बिस्किटांचे पुडे आणि जुन्या कपड्यांची गाठोडी इतकी आली की ती ठेवायला कोरडी जागा उरली नाही. आम्हाला हवे होते खराटे, फावडी, फिनेल, हातमोजे आणि अंथरायला काहीतरी कोरडं. घरात वीतभर चिखल असताना साडीची घडी कुठं ठेवायची?

हा धडा चिपळूणच्या वेळी उपयोगी पडला. त्या आठवड्यात आपल्याकडंही पंचगंगा पुन्हा ५५ फुटांच्या पुढं गेली होती, त्यामुळं निघायला उशीर झाला. पेटीचा प्रश्न होताच, मग वर्गणी काढली. टेम्पोत फक्त खराटे, फावडी, फिनेल आणि चटया भरल्या. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदारानं खराट्यांकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडेपण पाणी आलं होतं ना?" दुसरं काही सांगावं लागलं नाही.

पण चिखल काढणं सोपं. श्रीवर्धन-दिवेआगरकडं जे गेलं ते खराट्यानं परत येणारं नव्हतं. तिथली माणसं सुपारी आणि नारळाच्या वाड्यांवर जगतात. सुपारीचं रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सहा वर्षं जातात, नारळाला बहुधा त्याहून जास्त. आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी आडवी झाली. शासनाची मदत आधी हेक्टरी होती, आणि वाड्या तर गुंठ्यांत मोजायच्या. पुढं सरकारनं झाडामागं दर ठरवला: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. समुद्रावर जाणाऱ्यांचंही तेच. तौक्ते मेच्या मध्यावर आलं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. फुटलेली होडी, फाटलेली जाळी आणि डोक्यावर कर्ज घेऊन ऑगस्टची वाट बघायची.

अशा माणसाला गरीब म्हणायचं का? त्याचं घर पक्कं असतं, दारात होडी असते. आपण शहरातली माणसं फाटके कपडे बघून गरज मोजतो. मला इथं जकातीचा हिशेब शहाणा वाटतो. कर्ज वजा जाता साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मत्ता वर्षभर उरली, तर अडीच टक्के जकात द्यायची. हा हिशेब करताना राहतं घर धरत नाहीत आणि धंद्याची अवजारंही धरत नाहीत. जकात कुणाला द्यावी याचे आठ प्रकार कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यात फकीर आणि मिस्कीन आहेत, तसाच कर्जात बुडालेला माणूसही आहे. म्हणजे गेल्या रमजानात ज्यानं जकात दिली, तो यंदा घेणारा असू शकतो. त्यात त्याला कमीपणा नाही. हे समजून घ्यायला आम्हालाच वेळ लागतो. पक्कं घर दिसलं की वहीतलं नाव खोडणारे लोक मी पाहिले आहेत. एकदोन नावं मीही खोडली आहेत.

फितऱ्याची गोष्ट वेगळी. तो ईदच्या नमाजेआधी पोहोचलाच पाहिजे, म्हणजे त्या दिवशी कुणाची चूल थंड राहत नाही. आम्ही हनफी लोक तो रोख देतो. कोकणातले बहुतेक मुस्लिम शाफई, ते धान्यच देतात, बहुधा तांदूळ. वादळानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत त्यांची पद्धत अधिक कामाची, हे मान्य करावं लागेल. बाजार बंद असताना नोट शिजवता येत नाही.

जकात इतर धर्मीयांना द्यावी का, यावर उलेमांत मतभेद आहेत, बहुतेकांचं मत नको असंच आहे. सदक्याला मात्र असं काही बंधन नाही. तो कोळ्यालाही जातो, दालदीलाही, भंडाऱ्यालाही. म्हणून आमच्या ओट्यावर आता दुसरी पेटी ठेवली आहे, सदक्याची. चाँदरातीला ती उघडायची नाही, असं ठरलं. एका चाचांनी आधी खूप विरोध केला. त्यांचं म्हणणं, रमजानात गरजू दारात उभा असताना पैसे अडकवून ठेवायचे कशाला? बोलणं खोटं नव्हतं. शेवटी जकात आणि फितऱ्याला हात न लावता, इफ्तारच्या मेजवान्यांतला खर्च कमी करून ही पेटी भरायची, यावर ते राजी झाले. आता किल्ली त्यांच्याकडंच असते.

यंदा ईद मार्चमध्येच होते. अरबी समुद्रातल्या वादळांचे दिवस त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी सुरू होतात, म्हणजे पेटीला तेवढे दिवस थांबावं लागणार. काही जणांचं म्हणणं आहे, पैशांऐवजी खराटे आणि फावडी आत्ताच घेऊन ठेवू, पुरात भाव दुप्पट होतात. मशिदीच्या माळ्यावर जागा आहे, पण तिथं चटया रचून ठेवल्या आहेत. त्या कुठं हलवायच्या, यावर कालच्या तरावीहनंतरही एकमत झालं नाही.