तवा घेऊन भुताशी भिडणारी टिफनी

आज पासबुक, हप्ता, व्याज सगळं बाजूला ठेवू आणि एका पुस्तकाची ओळख करून घेऊ. पुस्तक भुताखेतांचं आहे, पण घाबरू नका, ऐकताना हसूच येईल. घरात वयात येणाऱ्या मुली असतील तर त्यांनाही रेडिओजवळ बोलवा.

पुस्तकाचं नाव ‘द वी फ्री मेन’. इंग्लंडचे लेखक टेरी प्रॅचेट यांनी ते लिहिलं आणि 2003 साली ते प्रसिद्ध झालं. गोष्ट एका काल्पनिक जगातली आहे. ते जग ताटासारखं सपाट आहे, चार हत्तींच्या पाठीवर ठेवलेलं आहे, आणि ते हत्ती उभे आहेत एका मोठ्या कासवावर. कासवाच्या पाठीवरची पृथ्वी आपल्याला काही नवी नाही!

नायिका आहे टिफनी एकिंग, वय वर्षं नऊ. घरी मेंढरं आहेत. टिफनी लोणी काढते, चीज बनवते आणि धाकट्या भावाला सांभाळते. म्हणजे आपल्याच घरातली पोर म्हणा. एके दिवशी नदीतून हिरव्या दातांची हडळ वर येते. आपल्याकडे लेकरांना सांगतात ना, विहिरीजवळ जाऊ नको, आसरा ओढून नेतील, तशीच ही तिकडची हडळ. टिफनी पळून घरी जाते खरी, पण रडत बसत नाही. ती गोष्टींचं पुस्तक उघडते. त्यात लिहिलेलं असतं की हडळीचे डोळे सूपाच्या बशीएवढे असतात. मग ही बाई बशी काढून मोजते. आठ इंच! तेवढं झाल्यावर ती लोखंडी तवा उचलते, भावाला मिठाई देऊन नदीकाठी बसवते आणि हडळ वर आली की तवा हाणते. भावाला आमिष केलं म्हणून आमच्या बैठकीत काही जणींनी नाक मुरडलं, पण हसल्या सगळ्याच.

पुढे परीराज्याची राणी त्याच भावाला पळवून नेते आणि टिफनी त्याला आणायला निघते. तिच्या मदतीला येतात वीतभर उंचीचे निळे माणूसगडी. चोरी, दारू आणि मारामारी हे त्यांचे तीन धंदे. ते कुणालाच भीत नाहीत, फक्त वकिलाला आणि लिहिलेल्या कागदाला भितात! त्यांच्या टोळीची मुख्य मात्र बाई असते. जुनी मुख्य मरते आणि ते मान टिफनीला देतात. रीत अशी की मुख्य बाईनं टोळीतल्या एकाशी लग्न करायचं. टिफनी त्यांचं मन मोडत नाही. ती तारीख देते : एक लहान पक्षी वर्षातून एकदा डोंगराला चोच घासेल, आणि घासून घासून डोंगर वाळूच्या कणाएवढा झाला की त्या दिवशी लग्न. नवरदेवही सुटलो म्हणतो. नकार कसा द्यावा, ते आपल्या मुलींनी इथून शिकावं.

मैत्रिणींनो, आता हसणं थोडं थांबवू. या पुस्तकात एक म्हातारी आहे, स्नॅपरली नावाची. एकटी राहते, तोंडात दात नाहीत, स्वतःशीच बोलते. गावच्या जहागीरदाराचा मुलगा नाहीसा होतो आणि लोक म्हणतात, हिनंच खाल्लं, ही चेटकीण आहे. तिचं घर जातं, कोणी तिला दारात उभं करत नाही, आणि हिवाळ्यात ती थंडीनं मरते. टिफनी नंतर जाऊन तिची भट्टी बघते. एवढीशी भट्टी, त्यात मुलगा मावणारच नाही! मुलगा तर परीराज्यात जिवंत असतो. बशी मोजणाऱ्या पोरीनं भट्टीही पाहिली. गावानं मात्र नाही पाहिली.

आम्ही हे का सांगतोय? आमच्याच एका गावात, एकट्या राहणाऱ्या मावशींच्या हातचं ताक घेणं बंद झालं होतं. कारण काय, तर शेजारची म्हैस दुधाला आटली. गटातल्या बायका गप्प राहिल्या. खरं सांगायचं तर दोन बैठका आम्हीही गप्प होतो. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. म्हशीला कासेचा आजार निघाला. मग आमच्यातल्या पाच जणी मावशींच्या ओट्यावर बसून ताक प्यायल्या. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त पुन्हा पुन्हा वाढत राहिल्या.

महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमुक बाई करणी करते, मंत्रानं जनावराचं दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, असं सांगत फिरणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, आणि दंड 5,000 ते 50,000 रुपये. करणीच्या नावाखाली कुणाला मारणं किंवा तिचे रोजचे व्यवहार बंद करणं हाही गुन्हाच. पोलीस ठाण्यात यासाठी दक्षता अधिकारी असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते. जिवावर बेतलं तर 112 नंबर लावा.

गोष्टीच्या शेवटी टिफनी भावाला परत आणते, जहागीरदाराच्या मुलालाही सोडवते. शाबासकी मात्र त्या मुलालाच मिळते! हेही आपल्या ओळखीचंच. टिफनी पुन्हा चीज करायला लागते, पण गावात दुसरी स्नॅपरली होऊ द्यायची नाही हे तिनं ठरवलेलं असतं.

तर पुढच्या बैठकीत ही गोष्ट सांगा. आणि गावात कुणाबद्दल कुजबुज ऐकू आली तर आधी विचारा : बशी मोजली का? भट्टी पाहिली का? डॉक्टरांना दाखवलं का? आणि गटात कोण बरेच दिवस आलेली नाही, तेही बघा. तिच्या घरी जा, ओट्यावर बसा, ताक मागा.