शस्त्र परवाना आणि वंचित समाज (गोंदिया जिल्हा)

शस्त्र परवाना म्हणजे बंदूक, पिस्तूल यांसारखे अग्निशस्त्र बाळगण्यासाठी शासनाने दिलेली लेखी अनुमती होय. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. तथापि अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींच्या संरक्षणासाठी आवश्यक वाटल्यास शासनाने त्यांना परवाने द्यावेत, अशी तरतूद आहे. २०११ च्या जनगणनेनुसार गोंदिया जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १३ टक्के, तर अनुसूचित जमातींचे सुमारे १६ टक्के आहे. त्यामुळे ही तरतूद आणि या समाजांच्या बदलत्या पक्षनिष्ठा यांचा विचार येथे एकत्रितपणे करावा लागतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा संमत झाला. त्यानुसार भारतीयांना परवान्याची सक्ती करण्यात आली. युरोपीयांना मात्र सूट होती. या भेदभावाविरुद्ध नागपूर येथे १९२७ साली मंचरशा आवारी यांनी शस्त्र सत्याग्रह केला. आवारी हे पारशी समाजातील होते. उघडपणे तलवारी घेऊन मिरवणुका काढणे हे या सत्याग्रहाचे स्वरूप होते. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश होता.

संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी हा हक्क संविधानात घालण्याची सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. प्रत्येकास बाजारातून हवे ते शस्त्र निर्वेधपणे घेता येऊ लागल्यास राज्यकारभार चालणे अशक्य होईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. परिणामी अनुच्छेद १९ मध्ये ‘शांततेने व विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचाच हक्क समाविष्ट झाला. शिखांचे कृपाण हा अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणाने मान्य केलेला अपवाद आहे.

सध्याचा कायदा

१९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. जिल्ह्यात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यास असतो. कलम १३ नुसार पोलिसांचा अहवाल मागवला जातो. केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. भूमिहीन व अल्पभूधारक अर्जदाराच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे आहे. परवाना नाकारल्यास कलम १८ नुसार अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोन करण्यात आली.

अत्याचार प्रतिबंधक नियम

१९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाखाली १९९५ साली नियम करण्यात आले. त्यांतील नियम ३ नुसार अत्याचाराचा संभव असलेली क्षेत्रे राज्य शासनाने निश्चित करावयाची असतात. अशा क्षेत्रात आवश्यक वाटल्यास या समाजांबाहेरील व्यक्तींचे परवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करणे, बेकायदा शस्त्रे जप्त करणे, आणि जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने देणे, अशा उपायांचा त्यात अंतर्भाव आहे. हा अर्जदाराचा निरपेक्ष हक्क नव्हे. तो शासनाच्या निर्णयाधीन प्रतिबंधक उपाय आहे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी लगतच्या भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एका बौद्ध कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये ती २५ वर्षांच्या कारावासात परिवर्तित केली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील आरोप मात्र सिद्ध मानले गेले नाहीत. एकाकी कुटुंबावर जमाव चालून येतो तेव्हा धोका वेळीच ओळखणारी यंत्रणा किती आवश्यक असते, हे या घटनेने दाखवून दिले.

जिल्ह्यातील परिस्थिती

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. सालेकसा, देवरी व अर्जुनी-मोरगाव हे तालुके नक्षलग्रस्त म्हणून ओळखले गेले आहेत. पीकरक्षणासाठी भरमार बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियमात आहे. मात्र अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकास वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ नुसार स्वतंत्र नोंदणी करावी लागते. नवेगाव-नागझिरा परिसरातील गावांना हा नियम विशेषत्वाने लागू पडतो. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची छाननी होऊन आवश्यक तेथे शस्त्रे जमा करून घेतली जातात.

पक्षनिष्ठांतील बदल

१९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर यांचा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभव झाला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. पुढे त्यात फूट पडत गेली आणि या पक्षाची मते विविध गट, काँग्रेस व बहुजन समाज पक्ष यांच्यात विभागली गेली.

२००८ च्या पुनर्रचनेनंतर अस्तित्वात आलेल्या भंडारा-गोंदिया मतदारसंघात २००९ साली राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रफुल्ल पटेल, २०१४ साली भाजपचे नाना पटोले, २०१८ च्या पोटनिवडणुकीत राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे, २०१९ साली भाजपचे सुनील मेंढे आणि २०२४ साली काँग्रेसचे प्रशांत पडोळे विजयी झाले. अनुसूचित जातींसाठी राखीव अर्जुनी-मोरगाव विधानसभा मतदारसंघात राजकुमार बडोले २००९ व २०१४ मध्ये भाजपकडून, तर २०२४ मध्ये राष्ट्रवादीकडून निवडून आले. अनुसूचित जमातींसाठी राखीव आमगावातही २००९ पासून काँग्रेस व भाजप आलटून पालटून विजयी होत आले आहेत.

अमेरिकेशी तुलना

अमेरिकेत बंदुकीचा हक्क हा पक्षीय विभागणीचा मोठा मुद्दा आहे. परंतु तेथेही भूमिका स्थिर राहिलेल्या नाहीत. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेचे सदस्य सशस्त्र गस्त घालू लागल्यावर कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनीच उघडपणे भरलेली बंदूक बाळगण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. भारतात शस्त्र परवाना हा पक्षांमधील वादाचा प्रमुख विषय झालेला नाही. वंचित समाजांच्या राजकारणात आरक्षण, जमीन, वनहक्क व अत्याचार प्रतिबंधक कायद्याची अंमलबजावणी हे प्रश्न अग्रभागी राहिले आहेत. नियम ३ मधील परवान्याची तरतूदही याच अंमलबजावणीचा एक भाग आहे आणि ती धोकाप्रवण क्षेत्रे निश्चित करण्याच्या प्रशासकीय निर्णयावर अवलंबून आहे.