आत्याचा मिक्सर आणि ठिपक्यांची तारीख

भिवंडीजवळ वडप्याला आत्याकडे गेलो होतो. रविवार, मटण शिजत आलेलं, आणि वाटणाच्या ऐन मध्यावर मिक्सर बंद पडला. आधी जरा कण्हला, मग गप्प. आत्यानं खटका मागेपुढे फिरवला, पिन काढून दुसऱ्या सॉकेटात घातली, मिक्सरच्या पाठीत एक धपाटाही घातला. काही नाही. भांड्यात अर्धवट भरडलेलं भाजकं खोबरं आणि कांदा.

“मेला बघ,” आत्या म्हणाली.

आत्येभाऊ जवळच्याच एका गोदामात सुपरवायझर आहे. त्यानं मिक्सर आडवा केला, बुडाशी असलेलं चण्याएवढं लाल बटण दाखवलं आणि म्हणाला, “मेला नाय, रुसलाय. दहा मिनिटं कोणी त्याला हात लावू नका.”

हे लाल बटण बहुतेक मिक्सरांच्या पोटाखाली असतं आणि बहुतेक घरांत ते कोणी पाहिलेलं नसतं. मिक्सर रिकामा फिरवला तर त्याची मोटर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारते. फिरणारी मोटर एक गंमत करते: भिंतीतली वीज खाता खाता ती स्वतःही थोडी वीज तयार करत असते, आणि तिची ही वीज बाहेरून येणाऱ्या विजेला आडवी जाते. म्हणजे मोटर जितकी जोरात पळेल तितका तिच्या भुकेला आपोआप आवर बसतो. आता भांड्यात कोरडं खोबरं ठासून भरा. पाती अडखळतात, फेरे कमी होतात, आवर सुटतो आणि मोटर अधाशासारखी वीज ओढायला लागते. प्रवाह दुप्पट झाला की तारांत तयार होणारी उष्णता चौपट. त्या तांब्याच्या बारीक तारांवर वार्निशचा पातळ थर असतो. तो जळाला, की मग आत्या म्हणते तसं, मेला.

ते होऊ नये म्हणून लाल बटणामागे दोन वेगवेगळ्या धातूंची, एकमेकांना जोडलेली पट्टी बसवलेली असते. तापली की एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. जोडलेले असल्यामुळे दोघांना एकमेकांपासून पळता येत नाही, मग पट्टी वाकते आणि एका क्षणाला ‘टक्’ करून उलटी होते. वीज तुटते. गार होईपर्यंत बटण कितीही दाबा, ते धरत नाही. इस्त्रीतून मधूनमधून येणारा टक् आवाजही अशाच पट्टीचा. ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीनं जहाजावरच्या घड्याळासाठी काढली होती. समुद्रात थंडी-ऊन बदललं तरी काळ चुकू नये म्हणून. ती फिरत फिरत वडप्याच्या ओट्यावर आली.

दहा मिनिटांनी बटण आत गेलं, मिक्सर सुरू झाला. थोड्या वेळानं त्याचा आवाज एकदम चढला, चिरका झाला. मला वाटलं, छान चाललाय. आत्यानं लगेच बंद केला. “वारा खातोय,” म्हणाली, आणि चमचाभर पाणी घातलं. अगदी नेमकं निदान. वाटण घट्ट असलं की ते भांड्याच्या कडेला चढून बसतं आणि पात्याभोवती हवेची पोकळी होते. पात्यांना कापायला काही उरत नाही, ओझं उतरलेली मोटर मोकाट धावते, आवाज चढतो. पाणी घातलं की वाटण कडेवरून घसरून पुन्हा पात्यावर येतं. हे आत्या चाळीस वर्षं कानानं ओळखते आहे.

आपला मिक्सर मुळात अशाच वैतागातून जन्मला आहे. परदेशी मिक्सर केकचं मऊ पीठ नि फळांचे रस यांच्यासाठी बनवलेले. त्यांना हळकुंड आणि सुकं खोबरं दाखवलं की त्यांचा जीव जायचा. मुंबईत सिमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी तेच झालं. पत्नीचा जर्मन मिक्सर बंद पडला, मग माथुरांनी आपल्या स्वयंपाकाला पुरून उरेल अशी मोटर बांधायला घेतली. त्यातून १९६३ साली ‘सुमीत’ आला. पुढे कित्येक घरांत कोणत्याही मिक्सरला सुमीतच म्हणायचे.

दुपारी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा आला आणि दुसरा वैताग सुरू झाला. आत्याला तारीख सापडेना. चष्मा लावला, पुडा खिडकीशी नेला, उलटा केला. आत्येभावानं घेतला आणि दोन सेकंदांत बोट ठेवलं. टोकाला, जिथं कागद दाबून चिकटवतात त्या चुण्यांवर, निम्मी तारीख चुणीच्या आत, निम्मी बाहेर.

“मुद्दाम लपवतात मेले,” आत्या.

मलाही आजवर तसंच वाटायचं. पण कारण वेगळं आहे आणि जास्त मजेदार आहे. पुड्याचा रंगीत कागद कुठल्या तरी वेगळ्या छापखान्यात, कित्येक दिवस आधी, किलोमीटरभर लांबीच्या गुंडाळ्यांत छापलेला असतो. त्या वेळी बिस्किटांचं पीठही मळलेलं नसतं. मग तारीख कोण छापणार? ती छापायची पुडा भरताना, धावत्या पट्ट्यावर, पुडा क्षणभरही न थांबवता. त्यासाठी एक यंत्र असतं. त्याच्या बारीक भोकातून शाईची धार निघते, एका स्फटिकाच्या थरथरीनं त्या धारेचे सेकंदाला हजारो थेंब होतात. ज्या थेंबाचा ठिपका हवा त्याला विजेचा भार देतात, मग दोन पट्ट्यांमधून जाताना तो भाराप्रमाणे कमी-जास्त वळतो आणि पुड्यावर आपल्या जागी जाऊन बसतो. नको असलेले थेंब सरळ खालच्या नळीत पडून परत शाईच्या बाटलीत. शाई एक-दोन सेकंदांत वाळते. भिंग घेऊन पाहा, अशी तारीख सलग रेघांची नसते, ठिपक्यांची असते, रांगोळीसारखी. फरक इतकाच की इथं ठिपके जोडायला कोणी बसत नाही. (लेझरनं किंवा गरम फितीनं छापतात तिथं ठिपके दिसणार नाहीत.) पुडा जरा घसरला की रांगोळी चुणीत जाते आणि आत्या खिडकीशी.

सापडलेल्या तारखेचा अर्थ काय, हा पुढचा घोळ. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास कंपनीनं म्हटल्यासारखा राहील. त्यानंतर माल थोडा मऊ पडेल, विष होणार नाही. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खायचंच नाही. २०२०च्या लेबलांच्या नियमांनी ही दुसरी तारीख सक्तीची केली आणि पहिली कंपनीच्या मर्जीवर ठेवली. त्याच नियमांत मांसाहाराची खूणही बदलली. पूर्वी हिरवा गोल आणि तपकिरी गोल असायचे, आणि ज्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत त्यांना दोन्ही सारखेच. आता तपकिरी गोलाचा त्रिकोण झाला आहे.

घटकांच्या यादीतल्या आकड्यांना तर लोक उगाचच घाबरतात. आइस्क्रीमवर ४१२ लिहिलेलं असतं ना, ती गवार. खरंच: गवारीच्या बियांचा डिंक, ज्यानं आइस्क्रीममध्ये बर्फाचे खडे धरत नाहीत. १०० हा हळदीतला पिवळा रंग. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबाच्या आंबटपणाचं. ५००च्या घरात खायचा सोडा राहतो. आकडे जगभर एकच असावेत म्हणून ठेवलेत, त्यामुळे वडप्यातली गवार युरोपातल्या पाकिटावरही ४१२च. भ्यायचंच असेल तर यादीच्या क्रमाला भ्यावं. वजनानं जो घटक जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे, त्यामुळे साखर, इन्व्हर्ट सिरप असे तुकडे केले की गोडवा यादीत खाली सरकतो आणि वर गव्हाचं पीठ मिरवतं.

पुड्यावरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबरही वाचता येतो. सुरुवातीला १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५, केंद्राचा परवाना असेल तर ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. बचत गटाच्या पापडावर २१५ दिसलं की ओळखावं, घरचं कोणीतरी आहे.

पण पुड्यावरची सगळ्यात नवलाची गोष्ट मी इतकी वर्षं नुसती पाहत आलो होतो. बारकोड. खाली तेरा आकडे, भारतीय कंपन्यांचे बहुधा ८९० नं सुरू होणारे. (८९० म्हणजे माल भारतात बनला असं नाही, नंबर भारतातल्या संस्थेनं दिला, एवढंच.) नीट पाहिलं तर पहिला ८ रेघांच्या बाहेर डावीकडे एकटा उभा असतो. कारण त्याच्यासाठी रेघाच नाहीत! रेघा बाराच आकड्यांच्या: सहा डावीकडे, सहा उजवीकडे. मग यंत्राला ८ कळतो कसा? डावीकडच्या सहा आकड्यांना प्रत्येकी दोन प्रकारचे कपडे दिलेले आहेत. कोणी कोणते घातले, त्या सहांच्या क्रमावरून बाहेरचा ८ ओळखायचा. लपंडावच. अमेरिकेत बारा आकडी पद्धत आधी आली. २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमचं पाकीट पहिल्यांदा असं वाचलं गेलं. नंतर युरोपाला एक आकडा वाढवून हवा होता, पण रेघांची जागा वाढवायची नव्हती. म्हणून तो कपड्यांत शिवून टाकला. सहाही जणांनी एकाच प्रकारचे कपडे घातले की अमेरिकी नंबर.

शेवटचा आकडा चौकीदार. समजा नंबर आहे ८९०१२३४५६७८९ आणि पुढे हा चौकीदार. एकाआड एक आकडे घ्या: ८, ०, २, ४, ६, ८, बेरीज २८. उरलेले ९, १, ३, ५, ७, ९, बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या पूर्ण दहाला पोचायला शून्य कमी पडतं, म्हणून शेवटचा आकडा ०. रेघ पुसट होऊन एक आकडा चुकीचा वाचला गेला तर गणित जमत नाही, यंत्र ‘टिट्’ करत नाही, आणि काउंटरवरचा पोरगा पुडा तिसऱ्यांदा घासतो. शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बहुतेक वेळा सापडते. फरक बरोबर पाचाचा असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, तरच चौकीदाराला डुलकी लागते.

आत्येभावाला हे सगळं ठाऊक नव्हतं, पण बारकोड तो आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वाचतो. भिवंडी तालुक्यात तो काम करतो तसली गोदामं उगवली ती मुंबईच्या जकातीमुळे: माल वेशीबाहेर ठेवायचा, लागेल तेवढाच आत न्यायचा. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली आणि फोफावली. आता तर जवळच आमण्याला समृद्धी महामार्ग येऊन टेकतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला खुला झाला. 

“आमच्याकडे एकच कायदा,” आत्येभाऊ म्हणाला, “ज्याची तारीख आधी संपणार, तो खोका आधी बाहेर.” त्यासाठी आवक झाली की तारखा नोंदवायच्या, खोके रचायचे, लांबच्या तारखेचा माल मागे, जवळच्या तारखेचा पुढे. दुकानदारही फळीवर तसंच लावतो. ठिपक्या-ठिपक्यांनी छापलेली ती तारीख कारखान्यापासून फळीपर्यंत सगळ्यांना रांगेत उभं करते.

“आणि मी मागं हात घालते,” आत्या म्हणाली, “पार कोपरापर्यंत.”