कोलेस्टेरॉल वाढलंय? गुग्गुळ, डाळिंब, करडई अन् इसबगोल, कशाचा किती उपयोग?

सोलापूर : रक्ताच्या रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की गावात सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी गुग्गुळ घ्या म्हणतं, कुणी अर्जुनसालीचा काढा. काढा सुरू होतो आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद होते. घोळ होतो तो इथंच. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसानं तर असं करणं म्हणजे पुन्हा झटक्याला बोलावणंच.

गुग्गुळ म्हणजे झाडाचा डिंक. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतसंहितेतल्या वर्णनाचा धागा धरून सशांवर प्रयोग केले. सशांच्या रक्तातली चरबी उतरली. पुढं लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं त्यापासून औषधही तयार केलं. आपल्याकडच्या चाचण्यांत आकडे चांगले आले. पण २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा उलटंच घडलं. गुग्गुळ घेणाऱ्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, ४ ते ५ टक्क्यांनी वाढलं. काहींच्या अंगावर पुरळही उठलं. शिवाय डिल्टियाझेम, प्रोप्रॅनोलॉल अशा बीपीच्या गोळ्यांचा असर गुग्गुळामुळं कमी होतो. बीपीवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

अर्जुनसालीवर झालेल्या चाचण्या बहुतेक लहान आहेत. डाळिंब तर आपलं घरचं पीक, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. फळ जरूर खावं, पण रसानं एलडीएल फारसं उतरत नाही. शुगर असेल तर रस जपूनच.

उपयोगाच्या दोन गोष्टी मात्र घरातच आहेत. एक इसबगोल. पित्त तयार करायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं. इसबगोलाचा चिकट गर आतड्यात ते पित्त धरून बाहेर काढतो, मग नव्या पित्तासाठी यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं. रोज दहाएक ग्रॅम भुशी काही आठवडे घेतली तर एलडीएल साधारण ५ ते १० टक्के उतरतं. स्टॅटिनच्या गोळीनं ३० ते ५० टक्के उतरतं, हा फरक लक्षात घ्या.

दुसरी करडई. ज्वारीच्या कडंनं तिचे पाटे घालायचे, काट्यामुळं जनावर शिरत नसे. आता पाटे कमी झाले अन् घरात पामतेल आलं. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. पामतेल, वनस्पती तुपाच्या जागी ते वापरलं तर एलडीएल कमी होतं. जागी, हं. वरून जास्तीचं ओतून नाही. माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर तेल पुष्कळ झालं.

गोळीनं अंग, पिंढऱ्या दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा गोळी बदलून देतात. काढा घेत असाल तर तेही लपवू नका. इसबगोल भरपूर पाण्यातून घ्यायचं, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवायचं.