मुरमाड परसबागेत ताग

इगतपुरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेकडे सरकत सिन्नरला येईपर्यंत तो पाच-सहाशे मिलिमीटरवर आलेला असतो. त्यात जमीन बेसॉल्ट झिजून झालेली, बऱ्याच ठिकाणी हलकी आणि मुरमाड. देवनदीच्या काठाने वाळूचा अंश जास्त. नव्या वसाहतीत घर असेल, तर अंगणात भराव म्हणून मुरूमच पडलेला असतो. अशा जागेत वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार एकच: सकाळी पाणी दिलं की दुपारी माती कोरडी, आणि गेल्या वर्षी घातलेल्या शेणखताचा यंदा मागमूस नाही.

दोष कणांच्या आकारात आहे. वाळूचा कण ०.०५ ते २ मिलिमीटरचा, तर चिकणमातीचा ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. जाड कणांमधल्या पोकळ्या मोठ्या, म्हणून पाणी ठरत नाही. कणांचा एकूण पृष्ठभाग कमी, म्हणून अन्नद्रव्यांना धरून राहायला जागा नाही. नत्र तर पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. जवळच्या तलावातला गाळ मिळत असेल तर तो जरूर पसरावा, कारण बारीक कणांची उणीव गाळच भरून काढतो. पण त्या मातीत जीव आणायला सेंद्रिय पदार्थ लागतो, आणि तो विकत आणण्यापेक्षा जागेवरच पिकवणं स्वस्त पडतं. हिरवळीचं खत म्हणतात ते हेच.

सिन्नरच्या हलक्या जमिनीला माझी पसंती तागाला. धैंचाही उत्तम, पण त्याचं खरं सामर्थ्य पाणी साचणाऱ्या आणि चोपण जमिनीत दिसतं. तागाला निचरा हवा असतो आणि तो मुरमात आयताच मिळतो. शिवाय तागाच्या बेवडावर मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा त्रास कमी होतो. टोमॅटो लावणाऱ्यांना हा मोठाच फायदा.

पेरणी मृगाच्या चांगल्या पावसानंतर, वाफसा आला की करावी. हेक्टरी ५० ते ६० किलो बियाणं लागतं, म्हणजे गुंठ्याला साधारण अर्धा किलो ते ६०० ग्रॅम. बी दाट फेकून दाताळ्याने दोन-तीन सेंटिमीटर मातीआड करावं. दाट पेरल्याने खोडं बारीक आणि लुसलुशीत राहतात. ज्या जागेत पूर्वी कधी ताग किंवा चवळी झालेली नाही, तिथे बियाण्याला चवळी गटाचं रायझोबियम चोळून, सावलीत सुकवून मगच पेरावं. भरावाच्या मुरमात हे जिवाणू जवळपास नसतातच.

महिन्याभराने एक रोप खुरप्याने अलगद उकरून मुळं पाहा. त्यांवर बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर निघाली तर जिवाणू हवेतलं नत्र बांधताहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ते काम होत नाही. ही तपासणी कुणीही चुकवू नये, कारण वरून हिरवागार दिसणारा ताग खाली रिकामा असू शकतो.

गाडण्याची वेळ म्हणजे पहिल्या कळ्या-फुलांची, ४५ ते ५० दिवसांची. खोड तोवर नखाने तुटतं. त्यानंतर ते वाखाचं होऊ लागतं (तागाचे दोर याच वाखाचे वळतात), आणि असं राठ खोड गाडलं तर ते कुजवताना जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात. वर लावलेली रोपं पिवळी पडतात. म्हणून विळ्याने कापून, वीतभर तुकडे करून, दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवर कुदळीने मिसळावं. पावसाने ओढ दिली तर वाफा भिजवावा, कारण कोरड्या मातीत कुजणं थांबतं. दोन-तीन आठवडे थांबून रोपं लावावीत. जूनच्या मध्यावर पेरलेला ताग ऑगस्टच्या सुरुवातीला जमिनीत जातो आणि भाजीला सप्टेंबरचा पाऊस सापडतो.

आता हिशोब पाहू. हेक्टरी १५ ते २० टन हिरवा पाला धरला, तर गुंठ्यात १५० ते २०० किलो. त्यातलं बहुतेक पाणीच. सुका भाग ३०-४० किलो. उलट गुंठाभर जागेतल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन सुमारे २२ टन! शिवाय सुक्या भागातला मोठा हिस्सा काही महिन्यांत कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. हलक्या, उन्हाने तापणाऱ्या, हवा खेळत्या मातीत हे आणखी वेगाने घडतं. म्हणून एका तागाने माती काळी होईल ही आशा धरू नये. पहिल्या वर्षी दिसतो तो नत्राचा लाभ: हेक्टरी ६० किलो धरलं तरी गुंठ्याला ६०० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोहून जास्त युरियाइतकं. पाणी धरण्याची ताकद वाढते ती मात्र वर्षागणिक, थोडीथोडी.

ती टिकवायची तर गाडण्याइतकंच झाकणंही महत्त्वाचं. भाजी लावल्यावर वाफा उघडा ठेवू नका. पालापाचोळा, उसाचं पाचट, गवत, जे मिळेल ते तीन-चार बोटं जाड अंथरा. कुंपणाला गिरिपुष्प लावलं तर छाटणीचा पाला वर्षभर घरचाच होतो. उन्हाळी पाणी असेल तर वाफ्यात चवळी किंवा मूग घ्यावा, शेंगा तोडून उरलेलं झाड मातीत मिसळावं. यात नत्र कमी मिळतं, कारण बरंचसं शेंगांबरोबर घरात येतं. पण ज्यांना अख्खा वाफा दोन महिने अडकवणं परवडत नाही, त्यांनी हाच मार्ग धरावा.

सगळी बाग एकदम तागाखाली घालण्याचीही गरज नाही. चार वाफे असतील तर दर पावसाळ्यात एक निवडा, आणि त्याचं बी मृगाआधीच कृषी सेवा केंद्रातून आणून ठेवा. पाऊस पडल्यावर शोधायला निघालात तर वाफसा निघून जातो.